दोन काळे काटकोन

पूर्वरंगात आपण डोळ्यांविषयी बोललो, मंडळी. आता आख्यान. पण त्याआधी एक प्रश्न टाकून ठेवतो, आणि उत्तर लगेच द्यायचं नाही. खरं बोलणाऱ्या माणसाच्या हातून पाप घडतं का? खोटं बोलणाऱ्याचं सोडा हो, त्याचं आपण सगळेच जाणून आहोत! जो खरंच बोलतो, अक्षर न् अक्षर खरं बोलतो — त्याच्या हातून? ते खांबाला टेकलेले नाना मान हलवतायत. नाही घडत म्हणतात. बरं. नाना, मान अशीच ठेवा, शेवटी बघू.

तर ऐका. तालुक्याचं एक गाव. नाव सांगत नाही. नाव घेतलं की तिथल्या कुणाचा तरी व्याही इथे निघतो आणि प्रसादाच्या रांगेत मला गाठतो! मोबाइल यायच्या आधीचे दिवस. कॅमेऱ्यात रीळ घालायचं, छत्तीस फोटो, संपले की संपले. त्या गावात वामनराव खर्डेकरांचा स्टुडिओ होता. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणे. लग्न असो, मुंज असो, हनुवटी धरून मान सरळ करणारे अण्णाच. आणि कुणी गेलं, की घरचे लोक लग्नातला एखादा घोळक्याचा फोटो घेऊन त्यांच्याचकडे येत — एवढा चेहरा वेगळा काढून मोठा करून द्या, भिंतीला लावायचाय. अण्णा करून देत, आणि वर ऐकवत, 'जिवंत असताना सुचलं नाही होय?' लोकांच्या डोळ्यांत पाणी, आणि हे असं. पण बोलत होते ते खरंच ना? शंभर टक्के खरं!

या अण्णांनी गावात हौशी लोकांचं छायाचित्र मंडळ काढलेलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहात बैठक. दोरी बांधायची, तिला कपड्यांचे चिमटे, चिमट्यांना सभासदांचे फोटो. फोटोमागे नाव नाही, नुसता नंबर. अण्णा एकेक फोटो उतरवून त्याचे दोष सांगणार. आणि नियम कडक — ज्याने फोटो काढला त्याने तोंड उघडायचं नाही. 'फोटो बोलेल, काढणारा नाही,' असं अण्णा म्हणत. ऐकायला किती छान वाटतं! मलाही वाटलं होतं.

अण्णांच्या खिशात काळ्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या असत, काटकोनात कापलेल्या. त्या फोटोवर ठेवायच्या, सरकवायच्या, आणि नको तेवढं झाकून दाखवायचं. इथून कापा, तिथून कापा. आणि ते खरंच शिकवत, हं! आज त्या गावात ज्यांना फोटो बरा काढता येतो, ते अण्णांच्या हाताखालचेच. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. वाईट माणसाची गोष्ट सांगायला मी इतक्या लांब एसटीने आलोच नसतो.

मंडळाचा चहा करायच्या अण्णांच्या बायको. द्वारकाबाई, सगळ्यांच्या काकू. सभागृहामागे स्टोव्ह पेटवायचा, तीस माणसांचा चहा, नंतर कपबशा विसळायच्या, हॉल झाडायचा. अकरा वर्षं! मंडळाच्या वहीत सभासद म्हणून त्यांचं नाव नव्हतं. कशाला असेल? त्यांनी कुठे फोटो काढला होता?

आता मंडळातला एक सभासद, निवृत्ती शेलार. गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर. बैलाच्या खुरातले किडे काढणारा, गाईची जखम धुणारा माणूस. मेव्हण्याने दिलेला जुना कॅमेरा गळ्यात अडकवून तीन वर्षं मंडळात येत होता. फोटो जरा वाकडेच यायचे त्याचे. पण बैठकीत अण्णांचा शब्द न् शब्द टिपून घ्यायचा. अण्णा बरं म्हणाले पाहिजेत, एवढीच त्याची आस.

मंडळाचा वर्धापनदिन झाला. कोणीतरी मोठे पाहुणे आले, हारतुरे झाले, निवृत्तीने रीळभर फोटो काढले. त्यातला एक त्याने पुढच्या बैठकीला चिमट्याला लावला. हा फोटो अण्णांना आवडणारच, अशी त्याची खात्री होती. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याला तसं वाटत होतं.

अण्णांनी फोटो उतरवला. मधोमध पाहुणे, गळ्यात हार. आणि डाव्या कोपऱ्यात चहाचा कप पुढे करणारी एक बाई, मान मागे टाकून मोकळं हसणारी, खिडकीतलं ऊन सगळं तिच्या तोंडावर. अण्णा म्हणाले, क्षितिज कललंय, म्हणजे फोटो तिरका आलाय. पाहुणे अंधारात गेलेत. निवृत्ती न राहवून उठला, 'अण्णा, मी तो —' म्हणाला. अण्णांनी बोट वर केलं. निवृत्ती खाली बसला.

मग अण्णा बोलले, ते नीट ऐका. "नजर पाहुण्यांवर ठरतच नाही. या कोपऱ्यातल्या बाईकडे पळते. हा सगळ्यात मोठा दोष."

काटकोन सरकले. बाई झाकली गेली. तिचा पुढे केलेला हात तेवढा आत राहिला, मनगटापासून, कपासकट. कुणीतरी विचारलं, हात राहू द्यायचा का? अण्णा म्हणाले राहू दे, त्याने तोल येतो. मग पट्टी लावली, ब्लेड घेतलं, आणि त्या फोटोचा डावा भाग सर्रकन कापून खाली टाकला. उरलेला फोटो सगळ्यांना दाखवला. टाळ्या पडल्या! अण्णा म्हणाले, ज्याचा कुणाचा हा फोटो असेल त्याने तीन वर्षं काय, तीस वर्षं रिळं वाया घालवली तरी डोळा यायचा नाही, पण कापल्यावर बघा कसा उभा राहिला. तो कापलेला फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून त्यांनी सभागृहात लावला, खाली लिहिलं — 'सुधारलेला नमुना'.

पेटीवाले, सूर जरा खाली घ्या. पुढचं मोठ्याने सांगण्यासारखं नाही.

चैत्रात एका सकाळी द्वारकाकाकूंनी चहा ठेवला, ओट्याला टेकून खाली बसल्या, आणि उठल्या नाहीत. चहा उतू जाऊन गॅस विझला, त्या वासाने अण्णा आत आले. संपलं होतं.

तीनचार दिवसांनी काकूंचा भाऊ म्हणाला, दहाव्याला फोटो लागेल. अण्णा म्हणाले, देतो. त्यांनी आल्बम काढले, पाकिटं काढली, चाळीस वर्षांच्या निगेटिव्हचे डबे उपसले. गावातल्या प्रत्येक घरातलं माणूस त्यात होतं. काकूंचा एकच, लग्नातला — मुंडावळ्या, खाली घातलेली मान, नाकाचा शेंडा तेवढा दिसतोय. बस्स! स्टुडिओच्या मालकाच्या घरात मालकिणीचा फोटो नाही. कधीतरी काढू, घरचीच तर आहे, पळून जातेय थोडीच, असं म्हणता म्हणता चाळीस वर्षं गेली. आणि जे वाक्य ते लोकांना ऐकवायचे, ते वाक्य आता त्यांना ऐकवायला कुणी नव्हतं. ते स्वतःच म्हणाले म्हणे, आरशापुढे उभं राहून.

मग त्यांना आठवलं, वर्धापनदिनाला निवृत्ती फोटो काढत होता. एखाद्यात तरी असेल! तसेच सुतकात चालत गेले गुरांच्या दवाखान्यात. निवृत्ती एका म्हशीचा पाय धरून बसला होता. अण्णांनी विचारलं, त्या दिवशीच्या फोटोंत ही कुठे आलीय का रे?

 म्हशीचा पाय निवृत्तीने हळूच खाली ठेवला, हात धुतले.

"एकात होत्या, अण्णा. फोटो त्यांचाच होता. पाहुणे मधे आले म्हणून आले. काकूंना तसं हसताना मी कधी बघितलं नव्हतं, म्हणून काढला. तेच सांगायला उठलो होतो."

अण्णा बाकावर बसले. निगेटिव्ह तरी असेल, म्हणाले. निवृत्ती म्हणाला, त्याच दिवशी घरी जाऊन सगळ्या बंबात घातल्या. डोळाच नाही म्हटल्यावर ठेवून काय करायच्या? आणि तो कापलेला तुकडा? बैठकीनंतर हॉलमध्ये निवृत्ती एकटाच बसून होता, काकू झाडायला आल्या, तेव्हा तो तुकडा त्यांच्या केरसुणीखाली आला.

"काकूंनी उचलून बघितला. म्हणाल्या, 'अगंबाई, मी का ही? बरी दिसतेय की!' मी म्हटलं, ठेवा काकू तुमच्याकडे. तर म्हणाल्या, 'नको. यांनी कापलाय ना? मग काहीतरी चुकलंच असेल.' आणि सुपलीत टाकला."

विठ्ठल, विठ्ठल.

मंडळी, त्या माउलीला राग आला नाही हो! राग आला असता तर अण्णा सुटले असते. तिने नवऱ्याचं खरं मानलं. चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली, त्याने आपलं तोंड ओळखलं नाही, ब्लेडने उडवलं, आणि ती म्हणाली चुकलं असेल माझंच काहीतरी. अण्णांनी त्या रविवारी फोटोबद्दल सांगितलेला एकही दोष खोटा नव्हता. क्षितिज कललेलंच होतं. पाहुणे अंधारातच होते. पण हा फोटो कशासाठी काढलास, एवढं जर अण्णांनी आधी विचारलं असतं! एवढंच. चार शब्दांचं काम होतं.

अण्णांनी निवृत्तीचे हात धरले. माझा चांगला कॅमेरा घे, पुन्हा सुरुवात कर, म्हणाले. निवृत्तीने मान हलवली.

"नको, अण्णा. आता कुणाकडेही बघितलं की आधी काय कापायचं, तेच दिसतं मला."

तिथून अण्णा वाचनालयात गेले. तो नमुना भिंतीवरून उतरवला, खिडकीशी नेला. कपाला धरलेला हात, दोन हिरव्या बांगड्या, आणि मनगटावर भाजल्याचा एक लांबट डाग. अण्णांनी ग्रंथपालबाईंना विचारलं, हा डाग कसला? त्या चकित होऊन म्हणाल्या, अहो, तुमच्या बैठकीच्या चहाचं पातेलं उतरवताना भाजलं होतं, दोन वर्षं झाली की!

दहाव्याला तोच फोटो ठेवला. पाहुण्यांचा भाग अण्णांनी स्वतः कापला आणि हात तेवढा ठेवला, चौकटीत घालून, हार घालून. अजून त्यांच्या भिंतीवर आहे. मंडळ पुढे चाललं, फोटो लागत राहिले, पण आता अण्णा आधी समोरच्याला उभा करतात, 'तुला यात काय दिसलं, ते सांग' म्हणतात, आणि तो सांगून होईपर्यंत गप्प बसतात. दोष सांगतात, नाही असं नाही. निवृत्ती मात्र पुन्हा आला नाही. आणि घरी कुणी नवखा आला, हाताच्या फोटोला हार बघून, काकू कुठे आहेत यात, असं विचारू लागला, की अण्णा भिंतीवरच्या मोकळ्या जागेकडे बोट करतात. "अशा इकडे आहेत," म्हणतात, "डावीकडे."

नाना, मान थांबली तुमची. राहू द्या, मी काही विचारत नाही.

तुम्हा सगळ्यांना मात्र सांगतो. पोरीची वही बघताना, सुनेची भाजी चाखताना, हाताखालच्या माणसाचं काम तपासताना तुमच्या खिशातही ते दोन काळे काटकोन असतात. माझ्याही असतात, मघाशी तबलजींवर मी डोळे वटारले ते तुम्ही बघितलंत! खरं बोला, जरूर बोला. पण आधी विचारा, आणि आधी पुरतं बघा. आता आरती होईल, मग मागच्या पडवीत प्रसाद आहे. दुपारपासून चार बाया तिथे चुलीपुढे राबतायत, त्यांना माझा आवाजसुद्धा पोचला नसेल. द्रोण घ्यायला हात पुढे कराल, तेव्हा शिरा गोड झालाय की अगोड, ते मागाहून सांगा. आधी जरा मान वर करा, आणि देणारीच्या तोंडाकडे बघा.