लाखभर डुलक्या

अण्णासाहेब : ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करणार नाही. ड्यूटीवर झोपणारं यंत्र मी छातीत बसवून घेणार नाही. बस!

स्वानंदी : अण्णा, उद्या सकाळी ॲडमिट व्हायचंय. झोपतं असं कोण म्हणालं?

अण्णासाहेब : तूच! आत्ता फोनवर त्या मानसला सांगत होतीस, ‘यार, पेसमेकर का प्रोसेसर तो ज़्यादातर सोता ही रहता है.’ हृदय बिघडलंय माझं, कान नाही.

स्वानंदी : अहो, ती आमची नोएडाच्या ऑफिसातली भाषा. दोन ठोक्यांच्या मध्ये तो, काय म्हणतात, छोटीशी झोप...

अण्णासाहेब : डुलकी.

स्वानंदी : हां, डुलकी!

अण्णासाहेब : टेलिफोन एक्स्चेंजमध्ये डुलकी लागली म्हणून मी हणमंताला मेमो दिला होता. तो तर नुसते फोन जोडायचा.

स्वानंदी : आणि परवा करोल बागेत तुम्ही चक्कर येऊन पडलात, तेव्हा तुमच्या हृदयाला कुणी मेमो दिला?

अण्णासाहेब : चावटपणा पुरे. भीती वाटते गं मला.

स्वानंदी : मलाही वाटते. पण तो सतत जागा राहिला तर तापेल, अण्णा. गाडीच्या ब्रेकची एक चिप आम्ही मुद्दाम जागी ठेवली होती. हे बघा बोट, अजून चटक्याचा डाग आहे. शिवाय दहा वर्षांची बॅटरी वर्षभरात संपेल.

अण्णासाहेब : आणि जाग आलीच नाही तर?

स्वानंदी : एक इवलंसं घड्याळ जागंच असतं. ठोका ऐकणारा एक कान उघडा असतो. ठोका वेळेवर पडला, तर हा पुन्हा झोपतो. नाही पडला, तर उठून स्वतः पाडतो. आमच्याकडे उशिरा आलेलं बरोबर उत्तरसुद्धा चूकच धरतात.

अण्णासाहेब : म्हणजे दिवसाला लाखभर डुलक्या? आणि प्रत्येक वेळी वेळेवर जाग?

स्वानंदी : बिल्कुल.

अण्णासाहेब : केवढा असतो?

स्वानंदी : करंगळीच्या नखाएवढा.

अण्णासाहेब : अबब! नखाएवढा जीव, आणि केवढी ही जाग!

(इन्व्हर्टरवर पंखा फिरतोय.)

अण्णासाहेब : तू तान्ही होतीस ना, तेव्हा तुझी आई पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून झोपायची. माझ्या घोरण्यानं उठायची नाही. पण तू जरा कुं केलंस की अंगठा हललाच. डोळे मिटलेलेच असायचे.

स्वानंदी : हे कधी सांगितलं नव्हतंत.

अण्णासाहेब : झोपाळू म्हणायचो गं मी तिला. आण, पेन आण.