मुठीत मावणारं घड्याळ

हसू नका, आधी माझे अंगठे बघा. वळ अजून गेले नाहीत.

चिंचणीत माझं डायमेकिंगचं काम, म्हणजे दागिन्यांचे पोलादी साचे कोरायचे. बारीक कामाचा हात म्हणून माकुणसारच्या एक काकी जुनं घड्याळ घेऊन आल्या. चारी बाजूंनी काच, पितळी चौकट, प्रवासात उचलायला वर कडी, आणि सगळं मिळून मुठीत मावेल एवढं.

"बंद हाय ना?" मी विचारलं.

"कधीचं बंद हाय."

बंद आहे म्हणजे आत जोर नसणार, असं मीच ठरवून टाकलं. मागची काच उघडून चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीचे चारातले तीन स्क्रू काढले. चौथा सैल केला, तशी पट्टी आपोआप तिरकी झाली. आत स्प्रिंग गच्च आवळलेली! मी दोन्ही अंगठ्यांनी पट्टी दाबून धरली. सुटली असती तर आतल्या चाकांच्या केसाएवढ्या दात्यांचा चुरा झाला असता, आणि तसं चाक हाताने कापून देणारा आता आणायचा कुठून?

"काकी, हलू नका! नाय, हला! ते स्क्रू उचला, एकेक करून भोकात बसवा."

काकींनी आधी चष्मा पुसला. सावकाश. पट्टीची कड माझ्या अंगठ्यांत रुतत चालली. मग रोज मोगऱ्याच्या कळ्या ओवून सरावलेल्या बोटांनी तिन्ही स्क्रू बसवले.

मी ओरडलोच, "बंद घड्याळाला चावी कोणी दिली?"

"मीच दिली, निघताना. पार शेवटपर्यंत," काकी म्हणाल्या. "भांडं असो का घड्याळ, कोणाच्या घरी रिकामं नेतात काय?"