अर्धं शटर

हाशमी : ...आणि पाटीवाल्याला बजावलं, हिरवा रंग पोपटी नको, गडद हवा. वरच्या ओळीत 'औषधालय', खाली 'हाशमी आणि मुलगी'. अरबीतही लिही म्हटलं. तुमच्या पिढीची जीभ फ्रेंच पाटीला अडखळते ना!

वसीला : कसली पाटी, बाबा?

हाशमी : दुकानाची. म्हणजे आता तुझ्या दुकानाची. समुद्राच्या वाऱ्याने जुनीचा पार भुगा केलाय. तुला किल्ली द्यायची ती काय त्या गंजक्या पत्र्याखाली?

वसीला : किल्ली? एक मिनिट. तुमच्या पेपराखाली मी एक पान ठेवलं होतं. चित्रांचं. ते बघितलंत ना?

हाशमी : अगं, बघितलं म्हणून तर हे सगळं! दोनदा बघितलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

वसीला : आणि रागावला नाहीत?

हाशमी : रागावू? पोरी, गेलं वर्षभर तुझं ते ओरान शहरातले प्रकाशक, ते कॉमिक्सचं पुस्तक चाललेलं. मी वरवर काही बोलत नव्हतो, पण जिवाला घोर होता. शिकली-सवरलेली औषधवाली पोर सगळं सोडून चित्रं काढत बसणार, हे मी कोणाला आणि कसं सांगू? आणि आज तूच एवढं छान...

ज़हिया : कुठाय माझी भाची? ये, आधी मिठी मार! पायांचे तुकडे पडले, पण सगळ्या मजल्यांवर बदामवड्या वाटून आले. चौथ्या मजल्यावरच्या माझ्या विहिणीने तर जिन्यातच यू-यू-यू केलं, लग्नात बायका आनंदाने ओरडतात तसं. मीपण केलं. खालचा न्हावी गिऱ्हाईक सोडून बाहेर आला, म्हणाला लग्न ठरलं का?

वसीला : आत्या, तू काय सांगितलंस सगळ्यांना?

ज़हिया : काय म्हणजे? वसीला परत दुकानात बसणार, चित्रांचं खूळ डोक्यातून गेलं. तुझे बाबाच म्हणाले.

वसीला : या अल्लाह.

हाशमी : का गं? पाटीवर तुझं नाव हवं होतं का? 'मुलगी' नको? तेही लिहवून घेऊ.

वसीला : बाबा, ते पान आणा इकडे. आणि मला सांगा, तुम्हाला त्यात काय दिसलं.

हाशमी : हे काय. पहिल्या चौकोनात मी, हातात कॉफीचा कप. नाक जरा मोठं काढलंयस, असो. दुसऱ्यात तू टेबलाशी काढत बसलीयस. तिसऱ्यात उभी राहिलीस, ब्रश अजून हातात. मग पांढरा कोट, एक बाही अंगात, एक लोंबतेय. आणि शेवटी दुकानाचं शटर, अर्धं वर गेलेलं. शब्द एक नाही, पण लख्ख कळतं. बापाने कॉफी दिली, पोरगी उठली, कोट चढवला, दुकान उघडलं.

ज़हिया : माशाल्लाह. माझ्याही अंगावर काटा आला बघ.

वसीला : तुम्ही डावीकडून सुरुवात केलीत.

हाशमी : मग काय वरून करायची? मी लहानपणापासून कॉमिक्स वाचतोय.

वसीला : फ्रेंच कॉमिक्स, बाबा. मी अरबीत काढते. आमचं पुस्तक उजवीकडून उघडतं. पहिला चौकोन शटरचा आहे. ते वर जात नाहीये. खाली येतंय.

ज़हिया : अगं बाई गं. माझ्या वड्या!

(हाशमी पान उचलून डोळ्यांजवळ धरतो. बोट उजव्या कडेला ठेवतो आणि सावकाश डावीकडे सरकवत नेतो.)

हाशमी : शटर खाली. कोट उतरतोय. ब्रश हातात घेतला. ...म्हणजे मी आधी कळस वाचला आणि मग पाया.

वसीला : चूक माझी आहे. माझ्या लक्षातच आलं नाही.

हाशमी : तुझी कशी? माझ्या फ्रेंच शाळेच्या फळ्यावर अरबी अक्षर कधी उमटलंच नाही. गिऱ्हाइकांची अरबी पत्रं मी तुझ्याकडूनच वाचून घेतो की. पण तोंडाने का नाही सांगितलंस? बाप आहे मी, सरकारी कचेरी नाही.

वसीला : सांगायला तीनदा आले. एकदा तुम्ही म्हणालात, बोल, पण आधी ही खोकल्याची औषधं उतरून घे. बाटल्या रचून होईपर्यंत माझं धैर्य संपलं.

ज़हिया : हा तसाच आहे. आमच्या आईच्या शेवटच्या दुखण्यातही म्हणाला, थांब, हे गिऱ्हाईक करतो.

हाशमी : ज़हिया, तू मध्ये तोंड घालू नकोस. वसीला, दुकानाचं काय? माझे हात थरथरतात. थेंब मोजायला गेलो तर धार लागते. मी किती दिवस रेटणार?

वसीला : लमियाशी बोललेय. माझ्याबरोबर शिकायला होती. हुशार आहे, आणि तिला हे मनापासून आवडतं. ती यायला तयार आहे.

हाशमी : लमिया माझी मुलगी नाही.

वसीला : नाही.

हाशमी : तुझी आई गेली त्या आठवड्यातसुद्धा मी शटर उघडलं होतं. तू शाळेतून आलीस की काउंटरखाली बसायचीस, रिकाम्या खोक्यांवर चित्रं काढायचीस. मला वाटायचं, हिला दुकान आवडतं.

वसीला : मला खोकी आवडायची, बाबा.

ज़हिया : आता हे आणखी ऐका.

वसीला : खोटं कशाला बोलू? ती म्हातारी लाल्ला तसादित आठवते, रक्तदाबाच्या गोळ्यांवाली? तिला वाचता येत नाही. रमज़ान लागला, गोळ्यांच्या वेळा बदलल्या. मी खोक्यावर काढून दिलं. सूर्य बुडतोय, मग खजूर, मग सूप, मग गोळी. दुसऱ्या दिवशी तिची जाऊ आली. तिला वाचता येतं! म्हणाली, मलाही खजूरवालं खोकं दे. ईद झाली तरी त्या येत राहिल्या. मी औषध द्यायचे आणि त्या चित्र मागायच्या.

हाशमी : मग देत राहा की. काउंटरवर बसून दे. मी कधी नाही म्हटलं?

वसीला : आणि त्या मासेवाल्याच्या नातवाची बाटली?

हाशमी : ते झालं ते झालं. मी वेळेवर बघितलं.

वसीला : मोठ्यांची बाटली दिली होती मी, लहान बाळाला. का माहितेय? आजोबाने बाळाला कसं धरलंय, ते बघत होते. माशांचा वास येईल म्हणून हात लांब ठेवून, नुसत्या मनगटांवर. चिठ्ठी वाचायच्या आधी मी माणूस बघत बसते, बाबा. तुम्ही त्याच्या मागे धावलात, चपलासुद्धा न घालता. उद्या तुम्ही नसाल.

ज़हिया : असं अभद्र बोलू नये.

हाशमी : बोलू दे. खरं बोलतेय. ...मलाही झोप नव्हती त्या दिवसानंतर. पण म्हटलं, होतात चुका. सवयीने जाईल.

वसीला : गेली नाही. मला भीती वाटते काउंटरवर. टेबलाशी बसले की वाटत नाही.

ज़हिया : पण मी आता सांगायचं काय लोकांना? यू-यू-यू केलंय मी! ते काही परत गिळता येत नाही.

हाशमी : सांग, हाशमीला उजवं-डावं कळत नाही. सगळ्यांना पटेल.

ज़हिया : ते त्यांना आधीच माहितेय. मी आपली सांगते, वड्या पुस्तकाच्या होत्या. गोड खाल्लं, आता कोण तक्रार करतंय!

हाशमी : वसीला, एक गोष्ट सांगू? मी माझ्या बाजूने वाचलं तेव्हाही दिसलं होतं मला. टेबलाशी ती हसतेय. आणि शटरपाशी पोहोचेपर्यंत तिचं तोंड असं उतरलेलं, पाण्यात भिजलेल्या पावासारखं.

वसीला : मग?

हाशमी : मग काय. मी मनाशी म्हटलं, पोरीला अजून सगळीकडे हसू काढायला जमत नाही. शिकेल.

वसीला : बाबा...

हाशमी : आणि हा म्हातारा, कपवाला. हा शेवटी येतो म्हणजे?

वसीला : हो. सगळ्यांत शेवटी.

हाशमी : मला वाटलं, कॉफी देऊन तो तिला उठवतोय. दुकानात धाडतोय.

वसीला : नाही. ती काढत बसलेली असते. तिने त्याला बोलावलेलंही नसतं. तो आपणहून येतो.

हाशमी : असं होईल, असं वाटलं होतं तुला?

वसीला : नाही. म्हणून तर काढलं.

ज़हिया : हाशमी, रडायचं असेल तर धड रड. आणि पाटीवाल्याला मी काय कळवू?

हाशमी : थांब म्हणावं जरा. मला आधी त्या लमियाला भेटू दे. तिचे हात बघू दे. ...वसीला, तू कॉफीत साखर किती घेतेस? रोज तूच करून आणतेस, मला कधी कळलंच नाही.

वसीला : एक चमचा. आणि दोन थेंब नारिंगीच्या फुलांचं पाणी. पण राहू द्या, मी करते.

हाशमी : बस तिथेच. उठू नकोस.