मटकीची वाटी आणि राहिलेलं अर्धं वाक्य

सन्माननीय अध्यक्ष पुंजारामजी, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती उत्तराताई आणि एकलहऱ्याच्या वसाहतीतून आवर्जून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

आपल्या मधुमेह मंडळाला इतकी वर्षं आहार शिकवणाऱ्या ताई आज मंडळ सोडून चालल्या आहेत. निरोपाला गोड बोलावं असा प्रघात आहे. पण गोड आपल्याला वर्ज्य, नाही का?

एका वर्गात ताई म्हणाल्या होत्या, "कडधान्यातला चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातले जिवाणू खातात. त्यातून जे तयार होतं, त्यानं साखर आटोक्यात यायला कदाचित मदत होते. अभ्यास अजून चालू आहे. रोज वाटीभर उसळ खा, पण गोळी सोडू नका." माझे यजमान शामसुंदर माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी उसळीपर्यंतच ऐकलं.

आणि उसळ म्हटलं की नाशिकच्या माणसाला काय आठवणार? दर रविवारी यांचं फिरायला जाणारं सगळं टोळकं मिसळीवर. वर तर्री, शेव, पाव, शेवटी जिलबी. मी रागावले की हे म्हणायचे, "अगं, माझे जिवाणू जेवतायत." मीही हसायचे. गोळ्या त्यांनी गुपचूप बंद केल्या होत्या, हे पायाची जखम चिघळल्यावर कळलं. आधी अंगठा गेला, मग गुडघ्याखालचा पाय. मग तेही गेले.

तेराव्याला लाडू खाता खाता आपल्यातलीच माणसं म्हणाली, "बाईंनी कडधान्याच्या नादी लावून माणूस घालवला." ताईंचा वर्ग बंद पडला. मला कोणी काही विचारलंच नाही. आज माईक हातात आहे, म्हणून सांगते. ताईंनी पूर्ण सांगितलं होतं, ऐकणाऱ्यानं सोयीचं तेवढं घेतलं. मला यजमानांचा अजून राग येतो. आणि रविवारी सकाळी घर खायला उठतं.

ताई, तुमची मी ऋणी आहे. मंडळींनो, ऐकून घेतलंत, आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. खाली पानं मांडली आहेत. मटकीची उसळ मी केली आहे, हे गेल्यावर पहिल्यांदाच. ज्यानं त्यानं आपली गोळी घेऊन मगच पानावर बसावं. मी दाराशी पाणी घेऊन उभी राहते.