तीन तास, एकाच दिशेनं

...आणि वर गल्लीतले लोक मला म्हणतात कसे, "पुरुषाचा हात लागला की दूध नासतं!" आता तुम्हीच सांगा, एकतीस वर्षं बुगा ते तुलुआ बस चालवली या हातांनी, एक कोंबडी कधी चाकाखाली आली नाही, आणि हेच हात दुधाला लागले की दूध नासतं? दुधाला कसं कळतं हो, हात बाईचा की बाप्याचा?

त्याचं झालं काय, डिसेंबर लागला आणि आमची मंडळी, म्हणजे मेल्बा, पेरू काढायला स्टुलावर चढली. पेरू राहिला झाडावर, मेल्बा आली खाली! उजवा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये. बरं, बाई रडली कशासाठी? हातासाठी? छे! "फानोर, यंदा मांहार कोण करणार रे?"

आता हा मांहार म्हणजे खायचं काम नाही. म्हणजे खायचंच आहे, पण करायचं काम नाही! दूध, साखर, वाटलेले तांदूळ, तांब्याची ही एवढी कढई, खाली लाकडं, आणि तीन तास ढवळणं. नाताळात आमच्या गल्लीत घरोघर ताटल्या फिरतात, बुन्युएलो म्हणजे चीजचे तळलेले गोळे, मुरंबा, आणि मधोमध हा मांहार, वर भरतकामाचा रुमाल. आणि तो घरचाच लागतो बरं का! दुकानातला पाठवलात तर लोक तोंडावर "वा वा" म्हणतात आणि वर्षभर तुमच्याकडे कसं बघतात... जाऊ दे. तर मेल्बा लग्न झाल्यापासून एकोणीस घरी ताटल्या पाठवते. आई वारली त्या वर्षीसुद्धा चुकली नाही. आणि आता पेरूपायी चुकणार? मला बघवेना हो तिचं तोंड. मी म्हणालो, "मी करतो!"

मेल्बा इतकी हसली, इतकी हसली, की प्लास्टर दुखायला लागलं. तेवढ्यावर भागलं असतं, पण संध्याकाळी प्रार्थनेला सगळी गल्ली जमलेली, तिथं तिनं सांगितलं! समोरच्या नोएमीबाई, यांचा मांहार आणि आमचा मांहार यांच्यात चाळीस वर्षं चुरस, त्या मान वेळावून म्हणतात, "मेल्बे, नवऱ्याला म्हणावं, त्यापेक्षा कढईला चाकं लाव, म्हणजे चालवता येईल!" सगळे खो-खो. पाद्रीबाबासुद्धा! मग माझंही डोकं फिरलं. म्हणालो, "चोवीस तारखेला एकोणीस ताटल्या येतील, आणि मांहार माझ्या हातचा असेल!" बोलून बसलो. बसमधून उतरता येतं हो, बोललेल्यातून उतरता येत नाही.

तेवीसला सकाळी सातला चूल पेटली. मेल्बा खुर्ची टाकून बसली शेजारी आणि तिनं नियम सांगितले. दार बंद, परक्याची नजर पडली की दूध फाटतं. हात थांबवायचा नाही. आणि तीन तास, एकाच दिशेनं! उजवीकडे म्हणजे उजवीकडे, उलटा फेरा पडला की संपलं. हातात दिली कागुइंगा. कागुइंगा म्हणजे ढवळायचं वल्हं, माझ्या छातीएवढं. आणि सुरू... गोल... गोल... गोल...

पहिला तास गाणी म्हणत गेला. मेल्बा म्हणाली, "गाणं बंद, लय वाढतेय तुझी." दुसऱ्या तासाला नाकाला खाज सुटली. तुम्हाला सांगतो, दोन्ही हात गुंतलेले असताना नाकाला जी खाज सुटते ना, ती साधी खाज नव्हे! "मेल्बा, नाक!" ती उठली, डाव्या हातानं खाजवलं. "वर... जरा डावीकडे... हां!" लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण इतकं प्रेम, खरं सांगतो, मला कधी वाटलं नव्हतं.

मग घट्ट व्हायला लागलं आणि उडायला लागलं. हे बघा, हे हातावरचे भाजल्याचे डाग. हा, हा आणि हा. तेवढ्यात दारावर थाप! "मेल्बे, दालचिनी आहे का गं?" नोएमीबाई! वर्षभर दालचिनी लागली नाही, आजच लागली! मेल्बा आतून म्हणते, "दार उघडता येत नाही, मांहार चाललाय." "कोण ढवळतंय?" "फानोर!" बाहेर काय हसल्या हो... "बरं बरं, खरं सांगू नकोस!" गेल्या.

आणि त्या हसण्यानं माझा उजवा खांदाच गेला. मी हात बदलला. डावा हात पुढे आणि... एकतीस वर्षांची सवय हो, स्टिअरिंगची! डाव्या हातानं घेतलं वळण डावीकडे. अर्धा फेरा! मेल्बा किंचाळली. मी थिजलो, पण थांबायचं तर नाही, म्हणून थिजल्या-थिजल्या उजवीकडे ढवळतोय. दोघंही कढईत डोकावून बघतोय. एक बुडबुडा आला... फुटला... दुसरा आला... मेल्बानं डाव्याच हातानं क्रुसाची खूण केली, म्हणाली, "नाही फाटलं. ढवळ, मुकाट्यानं."

दहा वाजता वल्हं फिरवलं की कढईचा तळ दिसायला लागला. रंग म्हणाल तर जुन्या सोन्याचा! मेल्बानं बोटभर चाटलं, डोळे पुसले, आणि म्हणाली, "माझ्यासारखा झालाय." काय सांगू तुम्हाला, मी कढईची खरवड खाता-खाता रडलो!

एकोणीस ताटल्या गेल्या. आणि मग सुरू झालं. "मेल्बा, कमाल आहे गं तुझी, एका हातानं!" "मेल्बा, प्लास्टरमध्ये असून!" अरे, रुमालावर तिचं नाव भरलेलं ना! ती बिचारी प्रत्येकाला सांगतेय, "अहो, फानोरनं केला." तर लोक तिचाच गाल कुरवाळतात, "किती सांभाळून घेतेस गं नवऱ्याला!" दार बंद होतं, पाहिलं कुणी?

नोएमीबाई तर घरी आल्या आणि माझ्यासमोर म्हणाल्या, "मेल्बे, मुलांनाही असंच लाडावलंस तू!" मी उसळलो. "तुमच्या घरी करून दाखवतो! तुमची कढई, तुमचं दूध, तुमच्या डोळ्यांदेखत!" आता या बाई ताटल्या पाठवतात एकतीसला, म्हणजे वर्षाची शेवटची चव त्यांची राहावी. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "या एकतीसला. सातला."

गेलो! ढवळलं! तीन तास, एकाच दिशेनं, एक अर्धा फेरासुद्धा इकडचा तिकडे नाही! बाई हाताची घडी घालून समोर उभ्या, पापणी हलत नाही. शेवटी चाखून बघितलं आणि म्हणाल्या, "येतं तुम्हाला." चाळीस वर्षांत त्यांनी कुणाला म्हटलेलं नाही हो हे! मी छाती काढून रस्ता ओलांडला.

संध्याकाळी ताटल्या निघाल्या. नोएमीबाईंचे रुमाल, त्यावर नोएमीबाईंचं नाव! आणि सगळी गल्ली, "यंदा नोएमीबाईंनी हद्द केली!" म्हणजे बघा, गल्लीत पहिला नंबर माझा, दुसरा नंबरही माझा, आणि मला विचारतोय कोण?

आमच्याकडेही आली एक ताटली. मेल्बानं डाव्या हातानं चमचाभर घेतला, डोळे मिटले. मग म्हणते, "फानोर, रागावू नकोस, पण हा आपल्यापेक्षा कणभर सरसच झालाय."

"अगं, पण तोही मीच केलाय ना! तुझ्यासमोर तर गेलो होतो सकाळी!"

"ते मला माहीत आहे रे," ती म्हणाली, आणि दुसरा चमचा भरला. "पण नोएमीकडचं दूधच चांगलं."