दुपारी दोन ते अडीच

आजच्या निवृत्ती समारंभाचे अध्यक्ष, आपल्या विभागाचे निरीक्षक माननीय श्यामसुंदर दिघे साहेब, मुख्याध्यापिका नलिनीबाई, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते आपले सहदेव पेडणेकर सर, त्यांच्या सौभाग्यवती रत्नप्रभावहिनी, माझे शिक्षक बंधुभगिनी, घाटकोपरच्या या वस्तीतले पालक, आणि दारात चपलांशेजारी उभे असलेले सरांचे माजी विद्यार्थी. आत या रे, सरांच्या वर्गात तुम्ही कधी बाहेर उभे राहिला नाहीत, आज कशाला राहता?

नलिनीबाईंनी मला सांगितलंय, ‘कुंदाताई, दोनच शब्द बोला आणि गोड बोला.’ बाई, संक्रांतीला अजून पंधरा दिवस आहेत. तोवर मला थोडं तिखट बोलायची परवानगी असावी.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी सरांच्या शिस्तीबद्दल सांगितलं, अक्षराबद्दल सांगितलं, ते गणित कसं शिकवायचे तेही सांगितलं. सगळं खरं आहे. पण तीन वर्षं हे सर आपल्या शाळेत नव्हते, ते सगळ्यांनी कसं अलगद टाळलं? एकजण म्हणाले, ‘मध्यंतरी सरांनी गोराईलाही सेवा केली.’ जणू काही सर हवापालटाला गेले होते! घाटकोपरहून बोरिवली, तिथून खाडीवर, मग तरीतून पलीकडे. भरती-ओहोटी बघून शाळा गाठायची. पंचावन्न वर्षांच्या माणसाला ही बदली का झाली, ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बोलत कुणीच नाही. मीही बोलले नाही. आज बोलणार आहे.

पंच्याऐंशीच्या मार्चमधली निवडणूक. अंधेरीच्या पश्चिमेला एका शाळेच्या खोलीत मतदान केंद्र होतं. सर केंद्राध्यक्ष. यादीत नाव बघायला एकजण, मतपत्रिका द्यायला एकजण, आणि मधल्या टेबलावर मी. मतदाराची सही किंवा अंगठा घ्यायचा आणि डाव्या हाताच्या बोटाला शाई लावायची, एवढंच माझं काम.

दुपारी दोनला आठ माणसं आत आली आणि दाराला आतून कडी लागली. कुठल्या पक्षाची ते सांगत नाही. पक्ष बदलतात, कडी तीच असते. सर उठले, तर एकानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. म्हणाला, ‘मास्तर, आराम करा ना यार, आम्ही करतो ना तुमचं काम.’ आणि मग रांगेत, अगदी नियमाप्रमाणे, ती आठ माणसं फिरून फिरून मतं द्यायला लागली.

आता मी काय केलं ते ऐका. चौकड्यांचा शर्ट घातलेला एक माणूस होता. तो माझ्यासमोर अकरा वेळा आला. अकरा वेळा त्यानं वेगवेगळ्या नावानं सही केली, अकरा वेळा बोट पुढे केलं, आणि मी अकरा वेळा त्याच बोटाला शाई लावली. सवय हो! बोट पुढे आलं की काडी बुडवायची. शेवटी तोच म्हणाला, ‘बाई, बस ना, किती काळं करता!’

हसा, हसा. मलाही हसू येतं, आणि मग रात्री झोप लागत नाही.

अडीचला ते गेले. तीनच्या सुमारास रुक्मिणीबाई नावाची एक म्हातारी आली. चार घरची भांडी आटपून, धुतलेलं लुगडं नेसून आलेली. यादीत बघितलं तर तिच्या नावावर खूण. मत दिलं गेलंय म्हणून सांगितलं, तर तिला पटेना. सरांनी तिला मतपत्रिकेचं प्रतिपत्र, म्हणजे सही घेऊन आमच्याकडे उरतो तो तुकडा, दाखवलं. त्यावर झोकदार वळणाची सही! म्हातारी भडकली. ‘मेल्यांनो, माका सही येता काय? मी आंगठो मारतंय!’ तो अंगठा तिनं आम्हां चौघांच्या नाकासमोर धरला. तो अंगठा मी अजून विसरलेली नाही.

सरांनी तिला वेगळी मतपत्रिका दिली. अशी मतं पाकिटात वेगळी ठेवतात, आणि कोर्टानं सांगितल्याशिवाय मोजत नाहीत. म्हातारीनं विचारलं, ‘ह्या मोजतले मां?’ सर खोटं बोलले नाहीत. म्हणाले, ‘आजी, मोजतील की नाही ठाऊक नाही. पण तुम्ही आला होता, हे मी लिहून ठेवीन.’

आणि त्यांनी लिहिलं. केंद्राध्यक्षाच्या डायरीत तिच्या नावाखाली आणखी एकच वाक्य लिहिलं: ‘दुपारी दोन ते अडीच मतदान माझ्या ताब्यात नव्हते.’ संध्याकाळी पेट्या जमा करताना वरचे अधिकारी म्हणाले, ‘हे खोडा, शांततेत पार पडलं असं लिहा.’ सर म्हणाले, ‘साहेब, शांततेतच झालं. कुणी हूं की चूं केलं नाही. पण ते मतदान नव्हतं.’

पुढे चौकशी झाली. आम्हां तिघांचे जबाब घेतले. तिघांनी एकच लिहून दिलं, ‘काहीही गैर घडले नाही.’ घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. लांब बदली झाली तर त्यांचं कोण करणार, ही भीती होती. भीती खरी होती आणि जबाब खोटा होता. तीन विरुद्ध एक. सरांवर ठपका आला, ‘कर्तव्यात कसूर व खोटी नोंद.’ तो आजही त्यांच्या सेवापुस्तकात आहे. आज ते पुस्तक बंद होईल, ते त्या ठपक्यासकट.

मग आजच का बोलते? या महिन्यात दिल्लीला संसदेत निवडणुकीच्या कायद्यावर चर्चा झाली. अठराव्या वर्षी मत मिळणार. यंत्रं येणार, बटण दाबलं की झालं. मधल्या सुट्टीत सर पेपर मोठ्यानं वाचत होते. आमच्यातले एकजण म्हणाले, ‘झकास! आता पोरंपण मत देणार.’ सर म्हणाले, ‘देऊ देत ना. पण पोरगा केंद्रावर पोचायच्या आधी त्याचं मत कुणी देऊन गेलं असलं तर?’ आणि पुढे वाचायला लागले. मतदान केंद्र ताब्यात घेणं हा आता वेगळा गुन्हा ठरणार, आणि त्यात सरकारी नोकर सामील असला तर शिक्षा जास्त.

माझ्या हातातला चहा बशीत सांडला. सरांनी पाहिलं, पेपरची घडी घातली आणि म्हणाले, ‘कुंदाबाई, ते तुमच्यासाठी नाही हो.’ त्या माणसानं तीन वर्षं तरीनं प्रवास केला, आणि वर मलाच धीर दिला!

सर, ते माझ्यासाठीच होतं. खासदारांनी खुशाल चर्चा करावी, कायदे करावेत, यंत्रं आणावीत. यंत्राला सासू नसते, बदलीची भीती नसते, हे कबूल. पण त्या यंत्राशेजारच्या खुर्चीत कोण बसणार? मीच ना? आपल्यातलंच कुणीतरी ना? दाराला कडी लागल्यावर ते काय करणार, हे दिल्लीत कसं ठरणार?

अध्यक्ष महाराज, घड्याळाकडे बघू नका, संपवते. ठपक्यावर सही तुमची नाही, तुमच्या आधीच्या साहेबांची आहे. पण फाइल आता तुमच्याकडे आहे. सरांच्या हाती शाल-श्रीफळ देण्याआधी हा कागद घ्या. माझा नवा जबाब आहे. अकरा वेळा शाई लावली, त्यासकट सगळं लिहिलंय. माझी चार वर्षं नोकरी बाकी आहे. गोराईला पाठवा, मढला पाठवा, तरीचं वेळापत्रक सरांकडून घेईन. पण आज ऑफिस बंद व्हायच्या आत याची पोच हवी. आज शनिवार, अर्धा दिवस. तुमच्या हाती तासभर आहे.

रत्नप्रभावहिनी, रडू नका. रडायचं तर मी, आणि मी आज रडणार नाही. जिला सही येत नव्हती, ती म्हातारी चारचौघांत खरं बोलली. मला सही येत होती, आणि मी खोट्याखाली केली. आज खऱ्याखाली केली आहे.

मला बोलू दिलंत, नलिनीबाई, तुमचे आभार. इतका वेळ ऐकून घेतलंत, सर्वांचे आभार. माझ्या बोलण्यात कमीजास्त झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. त्या कागदातल्या एकाही शब्दाबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही.

साहेब, पेन हवंय का? हे घ्या.