बांबूचं पुढचं टोक

"मन्हा पोऱ्याले बी इंटरव्ह्यू शिकाड ना," असं तू म्हणतोस खरं, पण ते काम मी बंद केलंय बाबा. चहा पी, का ते सांगतो.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजची सुमित्रा, धडगावकडच्या डोंगरातली पोरगी, एका नामांकित विद्यापीठाच्या मुलाखतीला बसली. मुलाखत ऑनलाइन होती, माझ्याच लॅपटॉपवर. मी तिच्याकडून पाठच करून घेतलं होतं, की कमतरता विचारली तर सांगायचं, "सर, मला प्रत्येक काम बिनचूक लागतं."

आधी मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी जमेची बाजू विचारली. ती म्हणाली, "आमच्या पाड्याला रस्ता नाही. आजारी माणसाला बांबूला झोळी बांधून खाली आणतो. पुढचं टोक माझ्या खांद्यावर असतं. उतारावर माझा पाय घसरत नाही."

"वा! नेतृत्वगुण!" साहेब खूश. "आणि कमतरता?"

मी लॅपटॉपमागून खुणा करतोय, बिनचूक, बिनचूक!

ती म्हणाली, "पुढच्याला मागे बघता येत नाही, सर. आई वाटेतच गेली. मागून काकाला दिसलं होतं, पण तो बोलला नाही. मला डांबरी सडकेवर झोळी टेकवल्यावर कळलं."

मग साहेबांनी समोरच्या कागदावरचा पुढचा प्रश्न वाचला, "यातून तू काय शिकलीस?"

"आता झोळीतल्या माणसाला वाटभर बोलायला लावते, सर. आवाज बंद झाला, की झोळी तिथंच टेकवते."